पाण्याचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मी काही वक्ती नाही. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत, आणि पुढचे सारे शिक्षण चुलीपुढे व रानात झालेले. पण विषय त्यांनी असा दिला की नाही म्हणवेना. हवामान, पाणी आणि आपली शेती. हा विषय पुस्तकी खराच, पण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला त्याचे पुस्तक लागत नाही. हंडा रिकामा झाला की तो विषय आपोआप सुरू होतो.

आपण बायका घरखर्चाचा हिशेब ठेवतो. किती आले, किती गेले, महिनाअखेर काय राहील, हे आपल्याला बोटांवर मोजता येते. तोच हिशेब आज मी पाण्याचा मांडणार आहे. जमा कुठून होते, खर्च कुठे होतो, आणि तूट पडली की ती कोणाच्या डोक्यावर येते, एवढेच सांगायचे आहे.

आधी जमेची बाजू घेऊ. आपल्याकडे पाऊस कमी का, याचे उत्तर पश्चिमेला उभे आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला थटतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच ढग डोंगर उतरून फलटण, म्हसवड, सांगोले, मंगळवेढे असे पूर्वेला येईपर्यंत जवळजवळ हलके झालेले असतात. आपल्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर येतो. वाढताना वरच्या पंगतीला भरपूर वाढले आणि शेवटच्या पंगतीला पातेले खरवडावे लागले, तसा हा प्रकार आहे. यात कोणाचा दोष नाही. डोंगर आहे तिथे आहे, आणि आपण आहोत तिथे आहोत.

आता हा पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? हे कोष्टक सोपे आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी होते, म्हणजे आपले सहा-सात हंडे. चाळीस गुंठ्यांच्या एकरावर पाचशे मिलिमीटर पडला तर सुमारे २० लाख लिटर. ऐकायला पुष्कळ वाटते. पण त्यातले काही ओढ्याने वाहून जाते, काही उन्हाने उडते, आणि उरलेले जमिनीत मुरते. शिवाय आपल्या मातीखाली काळा पाषाण आहे. वाळूत जसे पाणी साठते तसे पाषाणात साठत नाही. ते फटींतून आणि मुरमाच्या थरातून राहते. म्हणून आपल्या विहिरी दिवाळीत तुडुंब दिसतात आणि होळीला तळ दाखवतात. दागिन्यांच्या डबीएवढी ही तिजोरी आहे, तिला धान्याचे कोठार समजून चालत नाही.

माझे माहेर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले आणि सासर माढे तालुक्यातले, कालव्याच्या पाण्याखालचे. एकाच जिल्ह्यात मला पाण्याच्या दोन तऱ्हा पाहायला मिळाल्या, म्हणून दोन्हीकडचे सांगते.

माहेरी सारी शेती आकाशाच्या भरवशावर. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. बेदरच्या बादशाहीत दुष्काळ पडला तेव्हा संत दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांना मोकळी करून दिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या ज्वारीला २०१६ साली सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती ज्वारी पिकते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. आमचे आबा मृगाच्या पावसावर पेरणीची घाई करीत नसत. मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सारा पावसाळा ते रान कुळवून मोकळे ठेवीत आणि पाणी पोटात मुरू देत. उत्तरा आणि हस्त नक्षत्राचा पाऊस झाला, वाफसा आला, की मग पाभर धरीत. पुढे ज्वारीला वरून पाणी नाही. खोल काळी माती जे पाणी धरून ठेवते, त्यावरच ती थंडीत वाढते. रान वाळून भेगा पडू लागल्या की आबा कोळपे घालीत. कोळप्याने वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात आणि आतला ओलावा उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणत. हे शास्त्र त्यांना कोणी शाळेत शिकविले नव्हते.

त्या शेतीत पैसा थोडा, हे खरेच आहे. पण भाकरी होती, कडबा होता, दावणीला जनावर होते. हस्त चुकला त्या वर्षी मात्र हाल होत. माझी आई १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांची होती. तिने कामावर खडी फोडली, रांगेत उभे राहून सुकडी खाल्ली आणि परदेशी तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. त्या भाकरीला चिकी धरत नव्हती, असे ती अजून सांगते. त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आला. म्हणजे कोरडवाहू शेती फार गोड होती असे मी म्हणत नाही. तिच्यात पाण्याचा हिशेब मात्र चोख होता.

आता सासरचे सांगते. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पोटात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते, ज्याला वर्तमानपत्रात टीएमसी म्हणतात. सासरे सांगत की कालव्याला पहिले पाणी आले तेव्हा लोकांनी नारळ फोडले, हळदकुंकू वाहिले. जिथे कुसळे उगवत तिथे ऊस उभा राहिला. घरे पक्की झाली, मुली शाळेत जाऊ लागल्या. हे सारे पाण्यानेच झाले. धरणाची निंदा करणारी मी नव्हे, कारण माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणे त्याच पाण्यावर झाली.

पण मैत्रिणींनो, उजनी भरते ती आपल्या पावसाने नव्हे. पुण्याकडच्या मावळात, भीमाशंकराच्या डोंगरात पाऊस पडला, तिथली धरणे भरून वाहिली, की आपले धरण भरते. म्हणजे आपल्या घरातला खर्च आपण दुसऱ्याच्या कमाईवर धरून बसलो आहोत. त्यांच्याकडे पाऊस ओढला की इकडे घालमेल सुरू होते. वर्तमानपत्रात धरण ‘वजा’ झाले असे छापून येते. त्याचा अर्थ असा की एकूण पाण्यापैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट पाणी तळाचे, ‘मृत’ साठ्याचे म्हणून धरलेले आहे, आणि वरचे सुमारे ५४ अब्ज घनफूट वापरायचे. वरचे संपले की तळाच्या साठ्याला हात लागतो. दिवाळीसाठी ठेवलेल्या डब्यात आषाढातच हात घालावा, तसे ते होते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा साठ टक्क्यांजवळ गेले होते. कालवा कोरडा पडला, विहीर आटली आणि आमचा ऊस डोळ्यांदेखत वाळला.

आता खर्चाची बाजू पाहू. उसाला वर्षभरात दोन हजार ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. मघाचेच कोष्टक लावले तर एका एकराला कमीत कमी ८० लाख लिटर पाणी झाले. आपल्या एकरावर पाऊस पडतो २० लाख लिटर, तोही सगळा पिकाला मिळत नाही. म्हणजे एक एकर ऊस चार एकरांवरचा पाऊस पितो. ज्वारीचे भागते चारशे-साडेचारशे मिलिमीटरमध्ये, आणि त्याहून कमी मिळाले तरी ती कडबा तरी देऊन जाते.

आणखी एक हिशेब मी रात्री मुलाच्या वहीत मांडून पाहिला. खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी माप आहे. त्या मापाने एका माणसाला वर्षाला सुमारे २० हजार लिटर लागतात. म्हणजे एक एकर उसाचे पाणी चारशे माणसांना वर्षभर पुरेल. आकडा पाहून मी पुन्हा गुणाकार केला, कारण माझा विश्वास बसेना. मुलाने तपासला, तोही तेवढाच आला. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेही आपल्या अहवालात लिहिले आहे की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग लोक ऊस का लावतात? लोक वेडे नाहीत. उसाला सरकारने ठरविलेला दर आहे. बिल उशिरा का होईना, येते. ज्वारीचा भाव बाजारात कधी चढेल आणि कधी पडेल याचा नेम नाही. गारपीट झाली तर ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे झोडपून निघतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण ते पाहिले. ऊस मात्र वाकतो पण बहुधा तगून राहतो. ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत, उसाला कारखान्याची टोळी येते. आणि सोयरीक जमविताना मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘बागायत किती?’ कोरडवाहू गावातल्या मुलांची लग्ने अडतात. तेव्हा उसाची हौस केवळ पुरुषांची आहे असे समजायचे कारण नाही. तिची मुळे आपल्या घरात, देण्याघेण्याच्या बोलण्यात आहेत.

परंतु जास्त पाण्याने जमीनही सुखी राहत नाही. पाट सोडून माणूस झोपायला गेला, रात्रभर दारे तसेच वाहत राहिले, की खालची वाकणातली जमीन चिबडते. पाण्याबरोबर खालचे क्षार वर येतात, पांढरा थर धरतो आणि ती चोपण होते. आमच्या खालच्या तुकड्यात पूर्वी गहू होत असे, आता तिथे पाण्याला वाट करून द्यायला चर खणावा लागला. तहानेने पीक मरते आणि पाण्याने जमीन मरते, हे दोन्ही मी एकाच शिवारात पाहिले आहे.

त्यात हल्ली हवामानाने आपली रीत बदलली आहे. नक्षत्रे पंचांगात त्याच तारखांना येतात. वाहन बेडूक, म्हैस, हत्ती काहीही असो, पाऊस मात्र त्या मापाने येत नाही. पूर्वी आठ दिवसांची भिजपावसाची झड लागे, ती रानात मुरे. आता तीन-तीन आठवडे ढग नुसते फिरतात आणि एके दिवशी महिन्याचा पाऊस तासाभरात ओतून मोकळा होतो. तो मुरत नाही, माती घेऊन पळतो. याचे कारण शास्त्रज्ञ सांगतात ते आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. पृथ्वीची हवा तापत चालली आहे. तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त. म्हणून ती जमिनीतला ओलावा अधिक ओढते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले.

आपल्याला त्याचे प्रत्यंतर लगेच आले. २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी डोळे लागले होते. त्याच ऑगस्टमध्ये धरण भरले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की माढे, मोहोळकडची गावे पाण्यात गेली, उभी पिके कुजली आणि नदीकाठची माती खरवडून गेली. आमच्या नदीकडच्या दीड एकरात आता नुसता मुरूम दिसतो. ती माती कित्येक पिढ्यांनी शेणखत घालून केलेली होती. पीक गेले तर पुढल्या वर्षी येते. माती गेली की काय करावे, याचे उत्तर अजून घरात कोणाजवळ नाही.

तूट कोणाच्या डोक्यावर येते, हे मघाशी सांगते म्हटले होते. ती आपल्याच डोक्यावर येते. मोटारीचे बटण पुरुष दाबतात, आणि विहीर आटली की हंडा बाई उचलते. बोअर किती फूट घ्यायचे, ऊस किती लावायचा, यात आपल्याला कोणी विचारीत नाही. टँकर कोणत्या वेळी येईल आणि त्यावर नंबर कोण लावील, हे मात्र आपले काम. आपल्या फडात बीडकडून टोळ्या येतात. त्यांतल्या बायका पोटुशी असतानासुद्धा मोळ्या उचलतात. त्यांच्या गावाला पाणी नाही म्हणून त्या आपल्याकडच्या पाण्याचा ऊस तोडायला येतात. मला ते पाहून नेहमी वाटते की आपल्या गावचे पाणी संपले तर आपल्या लेकी कोणाच्या फडात जातील? एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही.

२०२४ च्या त्या उन्हाळ्यात आमच्या घरी मोठा वाद झाला. धाकट्या भावजींचे म्हणणे, सहाशे फुटांचे नवे बोअर घेऊ आणि ऊस वाचवू. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढायचे. आधीची दोन बोअरे कोरडी उभी होती. जाऊबाई आणि मी गप्प बसलो नाही. जाऊबाईंनी विचारले, ‘तिसऱ्याला पाणी लागले तर ते कोणाच्या विहिरीतले?’ कारण ती जागा गावविहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर वा बोअर घेऊ नये, असा नियम १९९३ सालच्या कायद्याने केला होता. पण कायदा कागदावर असतो आणि गाडी रात्रीची येते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘गावाची विहीर आटवून मला उसाचे बिल नको. उद्या पाणोठ्यावर बायकांना तोंड कसे दाखवू?’ पुढे कोणी बोलले नाही. बोअर झाले नाही.

पाच एकर उसातला दोन एकर मोडला आणि तिथे तूर, हरभरा व घरापुरती ज्वारी धरली. राहिलेल्या तीन एकरांवर ठिबक केले. खोडव्याचे पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरले. त्याने ओल टिकते आणि तण कमी होते. ठिबकाने पाटाच्या निम्म्याच्या आसपास पाणी वाचते. त्या वर्षी हाती पैसा कमी आला, हे मी लपवीत नाही. मुलाच्या फीसाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या, त्या अजून सुटायच्या आहेत. पण पुढल्या उन्हाळ्यात विहिरीला दोन परस पाणी होते. पाऊसही चांगला झाला होता, म्हणून सगळे श्रेय आमचे नव्हे. तरी चार माणसांनी असे केले तर गावाला फरक पडेल, एवढे मला पटले आहे.

आणि हे कोणी केलेच नाही असे नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनियर गृहस्थांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचे. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारला पाऊस आपल्यापेक्षाही कमी. तिथे पोपटराव पवार सरपंच असताना गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, शेतीसाठी बोअर बंद केले. तिथे दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात. आधी माणसांचे व जनावरांचे पाणी बाजूला काढतात, आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवितात. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. कोणत्या फडात कोणते पीक, हे सारे मिळून ठरवीत आणि पाटकरी सर्वांना पाणी देई. म्हणजे ही अक्कल परदेशातून आणायची नाही, आपल्या मातीतली आहे.

आता आपल्या मंडळाने काय करावे? आपण हळदीकुंकू करतो, भोंडला करतो, भिशी चालवितो. त्यात आणखी तीन कामे घालावीत अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिले काम, शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा. त्याला फार खर्च येत नाही. रोज सकाळी एका बाईने पाहून वहीत मिलिमीटर लिहावेत, पाळीपाळीने. आपल्या गावचा पाऊस आपल्याला ठाऊक हवा, तालुक्याचा आकडा आपल्या कामाचा नाही.

दुसरे काम, दिवाळीला, संक्रांतीला आणि होळीला गावविहिरीची आणि आसपासच्या चार-पाच विहिरींची पातळी दोरीने मोजावी. दोरीला एकेक हाताने गाठी मारल्या की झाले. हे आकडे चावडीवर फळ्यावर लिहावेत. जे डोळ्यांना दिसते त्यावर भांडता येते. जे दिसत नाही ते गुपचूप संपते.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असे कायद्यातच आहे. आपण तिला सहीपुरत्या जातो. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, आणि बैठकीत चहा आल्यावर उठून येण्यासाठी त्या दिलेल्या नाहीत. पावसाळा संपला की होणाऱ्या सभेत आपली वही घेऊन जाऊ आणि एकच ठराव मांडू. आधी माणसाचे आणि गोठ्याचे होळीपासून मृगापर्यंतचे पाणी राखून ठेवावे, मग बाकीचे वाटप करावे. आणि गावविहिरीच्या पाचशे मीटरच्या आत कोणाचेही बोअर होऊ नये, मग तो सरपंचाच्या घरचा असो की माझ्या घरचा. रात्री बोअरची गाडी गावात आली तर ज्या घराला आधी दिवे दिसतील त्या बाईने दुसरीला उठवावे. भांडायला जायचे नाही. नुसते पंधरा-वीस जणींनी जाऊन उभे राहायचे.

हे बोलणे सोपे आहे, हे मला कळते. ज्यांच्या घरी कर्जाचा हप्ता आहे, त्यांना ऊस मोडा असे सांगायला मी येणार नाही. ज्याचा संसार त्याला ठाऊक. पण ज्यांना जमेल त्यांनी एखादा एकर कमी करावा, ठिबक करावे, पाचट जाळू नये. आणि सोयरीक करताना ‘बागायत किती’ यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा, ‘होळीला विहिरीत पाणी किती असते?’ हा प्रश्न आपण विचारू लागलो की पुरुषमंडळीही त्याचे उत्तर शोधू लागतील.

पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेल्याचा जमाखर्च ठेवणे आपल्या हाती आहे, आणि हिशेबाच्या कामात आपण कोणाला हार गेलेलो नाही. पर्जन्यमापकासाठी वर्गणी काढावी लागेल. त्यात माझे शंभर रुपये आजच चिटणीसबाईंकडे जमा करते. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर पदरात घ्यावे.